मोहल्ल्यातल्या पोरांना कामाच्या दारापर्यंत कसं न्यायचं

पाच वर्षांपूर्वी आम्ही करिअर मेळावा घेतला. मंडप टाकला, साउंड लावला, पाहुणे बोलावले. तिघांनी मिळून अडीच तास भाषण केलं आणि 'स्वप्नं मोठी बघा' हे वाक्य तिघांच्याही भाषणात आलं. आलूबोंडे वाटून झाल्यावर दहावीतल्या एका पोट्ट्यानं मला बाजूला घेतलं. "सर, फिटर म्हणजे नेमकं काय करते जी?"

त्याच मंडपात त्याच्याच गल्लीत राहणारा, हिंगण्याच्या एमआयडीसीत १९ वर्षं फिटर असलेला माणूस खुर्च्या उचलत होता. त्याला माईक द्यायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

पुढे काय करायचं हे आम्ही त्या एका प्रश्नावरून शिकलो. पूर्व नागपुरात, पारडीच्या बाजूला, विहाराच्या वरच्या खोलीत आमची अभ्यासिका चालते. गणेश मंडळ असो, बचत गट असो की शाळेची माजी विद्यार्थ्यांची बॅच, पाच-सात माणसं आणि एक खोली असेल तर खाली लिहिलेलं सगळं कुठल्याही लेआउटमध्ये जमण्यासारखं आहे. पैसा फार लागत नाही. चिकाटी लागते, आणि सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहायची तयारी.

मिल होती तेव्हा

नागपुरात नोकरी 'लागायची' ती ओळखीनं. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली, त्यानंतर कित्येक पिढ्या बापानं पोराला, मामानं भाच्याला मिलमध्ये चिकटवलं. कोणत्या खात्यात जागा आहे, जॉबर (मुकादम) कसा आहे, पाळी किती वाजता सुटते, हे पोराला आत पाऊल टाकायच्या आधीच ठाऊक असायचं. मिल बंद पडली तेव्हा पगार तर गेलाच, पण ही माहिती घरोघर पोचवणारी साखळीही तुटली. आता त्या जागेवर मॉल आहे.

वकिलाच्या पोराला वकिली म्हणजे काय ते जेवताना कळतं. आमच्या पोरांच्या घरी बापाचं काम रोज बदलतं, किंवा बाप कामाबद्दल बोलतच नाही. ही पोरं अडतात ती ओळखीपाशी, आणि ओळख मोहल्ल्याला मिळून तयार करता येते.

पहिलं काम: वही घ्या, गल्ली मोजा

दोनशे पानी रजिस्टर घ्या. मोबाईलवरचा फॉर्म नको, लोक त्यात खोटं भरतात किंवा भरतच नाहीत. संध्याकाळी सातनंतर दोघादोघांनी घरोघर जायचं आणि पाच गोष्टी विचारायच्या: काय काम करता, कुठे, किती शिकलात, हे काम कसं लागलं, आणि महिन्यातून एक तास पोरांसाठी द्याल का.

यातला 'कसं लागलं' हा रकाना सोन्याचा आहे. कुणी जाहिरात बघून लागलेला असतो, कुणी अप्रेंटिस म्हणून चिकटून तिथेच राहिलेला, कुणी ठेकेदाराच्या हाताखाली सहा वर्षं काढून कायम झालेला. नोकरीचे खरे रस्ते या रकान्यात दिसतात.

बायकांना विचारताना जरा थांबा. पहिलं उत्तर 'काही नाही, घरीच असते' असं येतं. मग चहा होतो आणि कळतं की ती इतवारीतल्या दुकानासाठी ब्लाऊज शिवते, महिन्याचा हिशेब ठेवते आणि दोन पोरींना शिकवतेसुद्धा. आमच्या वहीत अशी नावं आधी सुटली होती, दुसऱ्या फेरीत सापडली. त्याच वहीत मेडिकलमधली (सरकारी दवाखान्यातली) स्टाफ नर्स निघाली, मेट्रोच्या देखभालीत काम करणारा निघाला, कळमन्यात अडत्याकडे बसणारा निघाला, कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी काम करणारे दोघे निघाले आणि बुटीबोरीची बस पकडणारे तर कितीतरी.

दुसरं काम: माईकशिवाय गप्पा

महिन्यातून एक रविवार, सकाळी. एक कामकरी माणूस, दहा-पंधरा पोरं, पाऊण तास. खुर्च्या गोल मांडायच्या. पाहुण्याला हार नाही, शाल नाही, कारण शाल दिली की माणूस भाषणाला लागतो. त्याला एवढंच सांगायचं की तुमच्या कामातली एखादी वस्तू घेऊन या आणि कालचा दिवस सकाळपासून सांगा.

खुर्च्या उचलणाऱ्या त्या फिटरला आम्ही पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तो दहा मिनिटं नुसता घाम पुसत होता. मग त्यानं पिशवीतून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि खिशातलं दहाचं नाणं एका पोराच्या हातात दिलं. "मोज." पहिल्यानं साडेसत्तावीस मिलिमीटर सांगितलं, दुसऱ्यानं अठ्ठावीस. फिटरनं पोराचं मनगट धरून जबडा सरळ केला. सत्तावीस. "तिरका धरला की माप वाढते. तिथं अर्ध्या मिलिमीटरनं जॉब रिजेक्ट होते, अन् शिव्या आपल्याले." शाळेत याच पोरांनी व्हर्नियरची आकृती काढून मार्क मिळवले होते. लघुतम माप या शब्दाचा पगाराशी संबंध असतो हे त्या दिवशी कळलं.

गप्पांमध्ये एक रविवार पगाराच्या पावतीसाठी राखून ठेवा. कुणाची तरी जुनी पावती नाव झाकून फळ्यावर उतरवायची. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० आणि घरभाडे भत्ता २,०००, म्हणजे एकूण १६,०००. त्यातून पीएफ १४,००० च्या १२ टक्के म्हणजे १,६८०, ईएसआय (कामगार विमा) १६,००० च्या पाऊण टक्का म्हणजे १२०, व्यवसाय कर २००. हातात १४,०००. व्यवसाय करात बायकांना २५,००० पर्यंत सूट आहे, म्हणजे त्याच जागेवर बाई असेल तर १४,२००. पोरं हमखास विचारतात की पीएफ कापतात तो बुडाला का? तिथे मालकाचाही वाटा सांगायचा आणि ईएसआयवर आईबापांचा दवाखाना होऊ शकतो हेही. ज्या ठेकेदाराकडे पावतीच मिळत नाही तिथे नेमकं काय जातं, ते पोरं मग आपणच बोलतात.

तिसरं काम: गेटच्या आत

गप्पा झाल्या की जागा दाखवा. सगळ्यांना मिहानच्या काचेच्या इमारती आणि विमान दुरुस्तीचा हँगर बघायचा असतो. माझं मत विचाराल तर सुरुवात तीस-चाळीस कामगारांच्या वर्कशॉपपासून करा. मोठ्या कंपनीत परवानगीला महिने जातात आणि आत गेल्यावर सभागृहात बसवून प्रेझेंटेशन दाखवतात. लहान वर्कशॉपचा मालक स्वतः फिरवतो, आणि चांगला वेल्डर मिळत नाही म्हणून तो आधीच वैतागलेला असतो.

परवानगीचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर मागा. मुख्याध्यापक कां-कूं करू लागले तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत, त्याची आठवण द्या. त्यात स्थानिक कारागिरांकडे शिकणं आहेच. एकदा लहानांचं पत्र निघालं की नववी-दहावीचंही निघतं. कारखानदारांपर्यंत पोचायला हिंगण्याची आणि बुटीबोरीची उद्योजक संघटना आहे, सिव्हिल लाइन्समध्ये विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे. पण आमच्या अनुभवात सगळ्यात लवकर दार उघडतं ते वहीतला माणूस आपल्या सुपरवायझरला विचारतो तेव्हा.

प्रवास सोपा झालाय. प्रजापती नगरहून मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन धरली की सरळ लोकमान्य नगर, म्हणजे हिंगणा एमआयडीसीच्या तोंडाशी. बारा पोरं, दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई, हे प्रमाण मोडू नका. पालकांची सही असलेलं पत्र सोबत ठेवा. चप्पल घालून कुणी येणार नाही, ओढणी आणि मोकळे केस मशीनजवळ चालणार नाहीत. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं आणि अठराखालच्यांना धोक्याच्या कामाला लावणं कायद्यानं बंद आहे, म्हणून फक्त बघायचं, मशीनला हात लावायचा नाही, मालकानं प्रेमानं म्हटलं तरी. आणि मे महिन्यात जाऊ नका. नवतपात पत्र्याच्या शेडखाली नेलेली पोरं घरी येऊन एकच गोष्ट सांगतील, की गरम होतं.

परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका. प्रत्येकानं एवढंच सांगायचं की तिथलं कोणतं काम मला जमणार नाही. हे ऐकण्यासारखं असतं. एक पोरगी म्हणाली, "आवाज सहन झाला, पण एकटं उभं राहणं नाही होणार." ती आता नर्सिंगच्या मागे आहे.

चौथं काम: फाईल

इथे खरी लढाई आहे. मार्क असून, सीट लागूनही कागदासाठी प्रवेश गेलेली पोरं आमच्या गल्लीतच आहेत. निकाल लागल्यावर धावपळ करून हे होत नाही. मूल नववीत गेलं की त्याच्या नावाची प्लास्टिकची फाईल उघडा.

सगळ्यात आधी नाव तपासा. आधार, शाळेचं रजिस्टर आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून एक-एक अक्षर मिळवा. कुठे बापाचं नाव 'रामभाऊ', कुठे 'रामाजी', कुठे जन्मतारीखच वेगळी. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते, दाखला हातात पडल्यावर राजपत्रापर्यंत जावं लागतं.

मग जातीचा दाखला. इथे तारखा पाठ करा. कुटुंब महाराष्ट्रात कधीपासून राहतं याचा पुरावा अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा कागद हवा. तो घरच्या ट्रंकेत नसेल तर आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले तिथे जाऊन दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या कोतवाल पंजीत जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे जुन्या नोंदी हिंदीत सापडतात. कारकून क्षणभर गोंधळतो, पण कागद खरा असतो. बालाघाट-छिंदवाड्याहून आलेल्या कुटुंबांची गोष्ट मात्र वेगळी. त्या तारखेला घर आजच्या महाराष्ट्राबाहेर असेल तर इथलं आरक्षण मिळत नाही. हे पोराला बारावीनंतर कळण्यापेक्षा नववीत कळलेलं बरं.

आमच्या एका पोराच्या पणजोबांचा उतारा काढायला मी उमरेडकडच्या एका शाळेत तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला कपाटाची किल्ली नव्हती, दुसऱ्या खेपेला गुरुजी निवडणुकीच्या कामावर. तिसऱ्या खेपेला रजिस्टर निघालं, त्यात वाळवीनं पानाची कडा खाल्लेली, पण जातीचा रकाना शाबूत. मी आयुष्यात कुठल्या कागदाकडे इतक्या प्रेमानं बघितलं नसेल.

दाखल्यानंतर व्हॅलिडिटी. इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांना राखीव जागेवर जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतंच. अर्ज बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत टाका. वडिलांची किंवा सख्ख्या भावाबहिणीची व्हॅलिडिटी असेल तर ती आधी जोडा, काम हलकं होतं. ओबीसी, भटक्या-विमुक्तांना नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला, लागतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिल लागला की खिडकीवर जाऊन नवा काढायचा. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल (रहिवासाचा दाखला) त्याच खेपेत.

शेवटी बँक. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते. जोडलेलं खातं कोणतं हेच पोरांना माहीत नसतं, पैसे आईच्या सांगण्यावरून कधीतरी उघडलेल्या, बंद पडलेल्या खात्याकडे बघत बसतात. बँकेत जाऊन एकदा विचारून घ्या.

पाचवं काम: दहावीनंतरचे फाटे

याची तक्तेबंद माहिती सगळीकडे मिळते, मी अडचणीच्या जागाच सांगतो.

आयटीआयचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन होतात, सरकारी आयटीआय श्रद्धानंद पेठेत आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर आणि कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) एक वर्षाचे. काही ट्रेडना दहावी नापासही चालतो, हे नापास झालेल्या पोराच्या घरी आठ दिवसांच्या आत जाऊन सांगा, नाहीतर तो कुणाच्या तरी कॅटरिंगवर गेलेला असतो. विकल्प भरताना पहिला क्रमांक विचारानं टाका. तोच लागला तर घ्यावाच लागतो, सोडला की पुढच्या फेऱ्या बंद. दोन वर्षांची आयटीआय झाली की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआय हा बंद रस्ता नाही.

पण एक खोट आमच्यासारख्यांच्या कामात शिरते, ती सांगतोच. वस्तीतलं पोरगं दिसलं की 'याला आयटीआयला टाका' असं आपणही म्हणू लागतो. डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या पोरीला वेल्डिंगचे फायदे सांगणं म्हणजे मदतीच्या नावाखाली तिचं दार लावणं. तिला विज्ञानाला घाला आणि फुकटच्या तयारीचे रस्ते दाखवा. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या पोरांना ते नीट, जेईई, सीईटीचं प्रशिक्षण आणि टॅबही देतात. दहावीचं वर्ष आहे तोवरच त्यांच्या जाहिरातीवर डोळा ठेवा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'पोरीच्या फीला पैसा कुठून आणू' म्हणणाऱ्या बापासमोर ही बातमी कागदासकट ठेवा. आठवीतल्यांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

सहावं काम: अप्रेंटिसशिप

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस ठेवावेच लागतात. म्हणून तुम्ही एचआरकडे जाता तेव्हा भीक मागत नसता. केंद्र सरकार विद्यावेतनातला काही वाटाही उचलतं.

नागपूरचं भाग्य असं की रेल्वे, वेकोलि (कोळसा खाणींची कंपनी), महावितरण, अंबाझरीचा आयुध कारखाना हे सगळे इथेच आहेत आणि आयटीआयवाल्यांसाठी जाहिराती काढतात. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आणि मोतीबाग वर्कशॉप यांची यादी दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर लागते, परीक्षा नसते. इथे दहावीचे मार्क पुन्हा कामी येतात, हे आयटीआयत गेलेल्या पोराला दोन वर्षं आधी सांगा, म्हणजे तो तिथले मार्क तरी वाढवतो.

अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे, हेही स्पष्ट सांगा. त्याला पीएफ, ईएसआय लागत नाही आणि मुदत संपली की कंपनी सोडू शकते. पण रेल्वेत खालच्या स्तराच्या भरतीत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव आहेत, आणि खासगीत वर्षभर हात बघितलेला पोरगा सोडून नवा कोण घेईल? राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० असं विद्यावेतन ठरलं. कुठे टेबल पुसायला ठेवलं, कुठे खरं शिकवलं, दोन्ही ऐकलंय. पोराला आत पाठवण्याआधी तिथे आधी गेलेल्याशी बोलून घ्या.

आणि 'आधी पाच हजार भरा, मग जॉइनिंग' म्हणणारा भेटला की फोन ठेवायचा. सरकारी अर्जाची फी वेगळी. नोकरी लावून देण्याचे पैसे मागणारा नोकरी देत नसतो.

सातवं काम: पहिले चाळीस दिवस

पोरगं लागलं, पेढे वाटले, आणि अठराव्या दिवशी ते पुन्हा चौकात उभं. आमची सगळ्यात जास्त पोरं इथे गळाली आणि कारणं लाजेपोटी कुणी सांगायचं नाही. सेफ्टी शूज घ्यायला पैसे नव्हते. रात्रपाळी सुटायची तेव्हा ऑटो नव्हता. सुपरवायझर आईवरून बोलला. पहिला पगार यायला चाळीस दिवस लागतात, तोपर्यंत डब्याला आणि भाड्याला घरात पैसा नसतो.

यावर दोन उपाय लागू पडले. बचत गटातल्या बायकांनी ३,००० रुपयांपर्यंतची उचल ठेवली, बिनव्याजी, पहिल्या तीन पगारांत फेडायची. हमी म्हणून आईची सही, पोराची नाही. दुसरं, त्याच भागात जाणारा वहीतला एक माणूस सोबतीला. तो तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिना झाल्यावर फोन करतो, आणि 'कसं चाललंय' असं विचारत नाही, कारण उत्तर 'बरं चाललंय' येतं. तो विचारतो, "जेवाले कोणासंग बसते बे?" एकटाच बसतो असं उत्तर आलं तर त्याच आठवड्यात भेटायला जायचं.

सोडलंच तर वहीतून नाव खोडू नका. तारीख आणि कारण लिहा. दोन पोरांनी एकाच ठेकेदाराचं एकच कारण सांगितलं की तिसरं पोरगं आम्ही तिथे पाठवत नाही.

फिटर म्हणजे काय विचारणारा तो पोट्टा पुढे फिटर झाला नाही. सकाळी कळमन्यात अडत्याकडे हिशेब लिहितो आणि बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. येत्या डिसेंबरच्या रविवारी गप्पा त्याच्या लावल्या आहेत. त्याला सांगितलंय, संत्र्याच्या मालाची एक पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) घेऊन ये, हमाली आणि तोलाई कापलेली.